सातबाऱ्यावर न दिसणारं पाणी: तळ्याकाठचे प्लॉट आणि त्यांचे नियम

गेल्या एप्रिलमध्ये माझा मावसभाऊ मला एक प्लॉट दाखवायला घेऊन गेला. तालुक्याच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर तळं, तळ्याच्या काठाने फक्कीच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यावर रंगवलेले दगड आणि मधून लाल मुरमाचा ताजा रस्ता. एका गुंठ्याचा एक प्लॉट. भावाने चौदा नंबर पसंत केला होता, कारण तिथून पाणी सगळ्यात जवळ. इसाराचे एक्कावन्न हजार रुपये त्याच्या खिशात होते.

मी खाली बघत चाललो होतो. मुरूम संपला की माती राखाडी होत होती. तिला हातहात भेगा आणि भेगांमध्ये नखाएवढे पांढरे शिंपले. पुढे वाळलेला लव्हाळा, पाणकणसाची कोलमडलेली ताटं, बेशरमीचं रान. कोरडवाहू रानात हे उगवत नाही. जवळच एक बाई शेळ्या राखत बसली होती. तिला विचारलं, "मावशी, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?" तिने तळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्या पाठीमागे, रस्त्याच्या पलीकडे एक बाभूळ होती, तिकडे हात केला. बाभळीच्या खोडाला कमरेएवढ्या उंचीवर वाळलेलं गवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या होत्या. चौदा नंबरचा प्लॉट बाभळीच्या अलीकडे, तळ्याच्या बाजूला होता.

"दादा, पण सातबारा तर स्वच्छ आहे," भाऊ म्हणाला. "बोजा नाही, खाडाखोड नाही. मग अडचण कसली?"

त्याचा प्रश्न रास्त होता. शिकलेली, हिशेबी माणसंही इथेच फसतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तीन प्रश्न, तीन ठिकाणी

तळ्याकाठच्या जमिनीचा प्लॉट पाडताना कायदा तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो. या जमिनीचे एवढे लहान तुकडे करता येतात का? त्या तुकड्यावर शेती सोडून घर बांधता येतं का? आणि पाण्याच्या इतक्या जवळ बांधकाम चालतं का? पहिल्याचं उत्तर महसूल खात्याकडे, दुसऱ्याचं महसूल आणि नगररचना यांच्याकडे मिळून, आणि तिसऱ्याचं कधी पाटबंधारे, कधी पर्यावरण खातं, कधी जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडे. एका प्रश्नाचं 'हो' आलं म्हणजे बाकीच्या दोघांचंही 'हो' आलं, असं होत नाही. एजंट नेमकं एकच 'हो' दाखवतो. ते खरंही असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुकडेबंदी कायद्यात आहे. तो १९४७ चा. वाटण्या होत होत शेत एवढं लहान होऊ नये की त्यात बैलजोडीही वळणार नाही, या काळजीतून तो आला. त्यासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं गेलं. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं करण्यात आलं. त्याहून लहान तुकड्याची खरेदी या कायद्यात बसत नाही. तरी गुंठ्या-गुंठ्याचे व्यवहार राज्यभर झाले, लाखो कुटुंबं अडकून पडली. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढला. शहरी हद्दीतल्या आणि विकास आराखड्यात बिगरशेती दाखवलेल्या जमिनींचे १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले असे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायची वाट त्याने मोकळी केली. ज्यांनी पोटाला चिमटा काढून एक गुंठा घेतला आणि पुढची वीस वर्षं सातबाऱ्यावर नाव लागायची वाट पाहिली, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. तो मिळायलाच हवा होता.

पण याच बातमीनंतर तळ्याकाठच्या प्लॉटच्या जाहिरातींत एक वाक्य दिसू लागलं: 'आता तुकडेबंदी उठली, बिनधास्त घ्या.' इथे थांबायला हवं. तुकडेबंदी कायद्याला पाण्याशी देणंघेणं कधीच नव्हतं. तो तुकडा किती मोठा हे बघतो, तुकडा कुठे आहे हे बघत नाही. तुकडा नियमित झाला, तरी त्यावरून जाणारी पूररेषा तसूभरही हलत नाही.

दुसरा प्रश्न बिगरशेतीचा, म्हणजे बोलीत 'एनए'चा. जमीन महसूल संहितेचं मूळ कलम ४४. पुढे ४२-अ ते ४२-ड ही कलमं येत गेली आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या किंवा विकास आराखड्यातल्या जमिनींसाठी प्रक्रिया सोपी होत गेली. परवानगी कशी घ्यायची ते बदललं. बांधकामाचा नकाशा मात्र आजही विकास नियंत्रण नियमावलीतूनच मंजूर होतो. राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन, म्हणजे प्लॉट-रस्त्यांची आखणी, करताना १० टक्के मोकळी जागा सोडणं, आतल्या रस्त्यांची रुंदी, नाल्यापासूनचं अंतर, पूररेषा हे सगळं तिच्यात येतं. 'एनए प्रस्तावित' असा शेरा जाहिरातीत असेल, तर एवढंच समजा की या कसोट्यांपैकी एकही अजून लागलेली नाही.

पाणी कागदावर कुठे सापडतं

आता तिसरा प्रश्न. मला सर्वांत जास्त याच्याबद्दल सांगायचं आहे, कारण बाकीच्या दोघांबद्दल गावात दहा माणसं सल्ला देतात आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

सातबाऱ्यावर पाणी दिसत नाही असं मी वर म्हटलं, ते अगदी शंभर टक्के खरं नाही. ते एका ओळीत दडलेलं असतं. क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य क्षेत्राखाली 'पोटखराबा' लिहिलेला असतो आणि त्याचे दोन वर्ग असतात, (अ) आणि (ब). (अ) म्हणजे खडक, उतार, खळं, शेतघर अशा कारणांनी पिकाला न येणारी जमीन. (ब) म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, किंवा रस्ता, पायवाट, दफनभूमी, अथवा इतर लोकही ज्यावर पाणी भरतात असा तलाव किंवा ओढा यांनी व्यापलेली जमीन. (ब) वर्गावर शेतसारा आकारला जात नाही, कारण तिच्यावर इतरांचाही हक्क मानलेला आहे. भावाने मला व्हॉट्सअॅपवर आलेला सातबाऱ्याचा फोटो दाखवला. तो मधूनच कापलेला होता. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून पूर्ण उतारा काढला, तर पोटखराबा (ब) मध्ये ६२ आर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. विकायला काढलेल्या प्लॉटांपैकी बरेचसे त्या बासष्ट आरांवर आखलेले होते.

याच्या जोडीला जमीन महसूल संहितेचं कलम २० आहे. नद्या, ओढे, नाले, सरोवरं आणि तलाव यांचे तळ, जिथे दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नाही, ते राज्य सरकारचे. तळं उन्हाळ्यात आटलं म्हणून तळाचा मालक बदलत नाही. गावतळ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं की गावाच्या सामाईक तळ्यावर भराव घालून बांधलेली घरं, मग त्यावर कितीही खर्च झालेला असो, नियमित करायची नाहीत. खटला पंजाबातल्या एका गावाचा होता, पण अशी अतिक्रमणं हटवण्याची योजना आखा, असा आदेश सगळ्या राज्यांना होता.

धरणाच्या काठची गोष्ट थोडी वेगळी. पवना, मुळशी, पानशेत अशा जलाशयांच्या काठाला 'बॅकवॉटर टच' प्लॉट विकले जातात. धरण बांधताना पूर्ण संचय पातळीपर्यंतची, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथपर्यंतची, आणि बऱ्याचदा तिच्याही थोडी वरची जमीन संपादित केलेली असते. पाणी दिवाळीनंतर उतरू लागतं, गाळाची सुपीक जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती सरकारची असते आणि हंगामापुरती कसायला दिली जाते, त्यात प्रकल्पग्रस्तांना आधी मान. मे महिन्यात उभं राहून बघितलं तर गाळपेर आणि खासगी जमीन यांत डोळ्याला काही फरक दिसत नाही. फरक दाखवतात ते संपादन रेषेचे दगड, आणि ते गवतात बुडालेले असतात किंवा कुणीतरी हलवलेले असतात. म्हणून धरणाच्या काठाला जमीन घेताना पाटबंधारे खात्याकडून संपादन रेषा नकाशावर दाखवून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

निळी रेषा, लाल रेषा

तळ्याला येऊन मिळणारा किंवा तळ्यातून निघणारा ओढा, नदी असेल, तर पूररेषांचा प्रश्न येतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, तिथे घर बांधायचं नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथे अटींवर बांधता येतं, मुख्य अट म्हणजे जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर हवं.

'२५ वर्षांतून एकदा' हे शब्द फसवे आहेत. आमच्याकडे एकजण म्हणाले, "२०१९ ला पूर येऊन गेला, आता २०४४ पर्यंत काळजी नाही." असं ते गणित नसतं. त्याचा अर्थ असा की कुठल्याही एका वर्षी तसा पूर यायची शक्यता चार टक्के. दोन पूर पाठोपाठही येतात. कोल्हापूर-सांगलीने २०१९ चा पूर पाहिला आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा पाहिला.

ही रेषा ओलांडली तर काय होतं, ते पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत मे २०२५ मध्ये साऱ्यांनी पाहिलं. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडून उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. त्या घरांतली माणसं काही नदी गिळायला निघालेली नव्हती. त्यांनी आयुष्यभराची कमाई घातली होती. त्यांचं दुःख बघताना मला सतत वाटत होतं, जमिनीवर पहिली फक्की पडली त्या दिवशीच कुणीतरी रेषा दाखवायला हवी होती. बंगला पाडण्यापेक्षा फक्की पुसणं किती सोपं!

पाणथळ जागांचे नियम

नदी नाही, धरण नाही, नुसतं तळं किंवा दलदल असेल तर? तिथे पाणथळ जागांचे नियम बघावे लागतात. ते पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले, आधी २०१० मध्ये आणि मग सुधारून सप्टेंबर २०१७ मध्ये. पाणथळीची व्याख्या भरपूर मोठी आहे: नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमची वा हंगामी, गोडी वा खारी, साचलेली वा वाहती. 'हंगामी' हा शब्द लक्षात ठेवा. उन्हाळ्यात कोरडी पडणारी जागासुद्धा पाणथळ असू शकते. पण काही गोष्टी व्याख्येतून वगळल्या आहेत: नदीचं पात्र, भातखाचरं, खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले साठे, आणि सिंचन, मत्स्यशेती, मिठागर किंवा करमणूक यांसाठी खास बांधलेली कामं. या वगळणुकीवरच सगळी भांडणं होतात. समोरचं तळं 'सिंचनासाठी बांधलेलं' आहे असं म्हटलं की नियम लागू नाही, असा दावा करता येतो.

नियम लागू झाला, तर तळ्यावर अतिक्रमण, भराव, राडारोडा टाकणं बंद. आणि गेल्या दहा वर्षांतल्या उच्च पूरपातळीची सरासरी काढून तिथून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही, अपवाद फक्त होड्यांच्या धक्क्याचा. ही दहा वर्षं नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागे मोजायची. अंतर एप्रिलच्या पाण्याच्या कडेपासून मोजायचं नाही. मावशींनी दाखवलेल्या बाभळीसारख्या खुणेपासून मोजायचं.

कुठल्या जागांना हा नियम लागतो? रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या पाणथळींच्या यादीतल्या जागांना थेट लागतो. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर २०१९ मध्ये, लोणार २०२० मध्ये आणि ठाण्याची खाडी २०२२ मध्ये या यादीत आली. गोव्यात कुडचड्याचं नंदा तळं २०२२ पासून आहे. दुसरा गट सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींचा. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की उपग्रहचित्रांवरून नोंदवलेल्या देशभरातल्या २,०१,५०३ पाणथळींना, अधिसूचना झाली नसली तरी, २०१० च्या नियम ४ मधलं संरक्षण द्यायचं. ही यादी सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे साधारण साडेपाच एकरांहून मोठ्या जागांची. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने नव्या मोजणीतला २,३१,१९५ हा आकडा समोर ठेवून राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन हद्दी आखायला सांगितलं.

त्यामुळे 'हे तळं अधिसूचित नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. पुढचा प्रश्न विचारा: ते नोंदीत आहे का?

अधिसूचना निघते तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट येते, प्रभावक्षेत्र. म्हणजे तळ्याच्या पाणलोटातला तो भाग, जिथे काही केलं तर तळ्यावर वाईट परिणाम होतो. तिथे काय चालेल आणि कशावर नियंत्रण असेल याची यादी राज्य पाणथळ प्राधिकरण करतं. अंतिम करण्याआधी हरकती मागवतात. काठच्या शेतकऱ्याने त्या वेळी गप्प बसू नये. यादीत त्याच्या गोठ्याची, विहिरीची, पाइपलाइनची सोय लिहून घ्यायची वेळ तीच असते.

खाडीकाठाला याशिवाय सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत, आणि खारफुटीच्या भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे एवढंच.

हिशेब करून बघू

समजा दोन एकर जमीन आहे, ९० मीटर काठाला आणि ९० मीटर आत. ८,१०० चौरस मीटर, म्हणजे ८० गुंठे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, साठ प्लॉट सहज पडतील. पण तिची पुढची कड पूरपातळीला लागून असेल आणि तळं नोंदीत असेल, तर पुढचे ५० मीटर गेले: ४,५०० चौरस मीटर, चव्वेचाळीस गुंठे. उरले ३,६००. त्यातून ९ मीटर रुंदीचा आडवा रस्ता काढा, ८१० गेले. उरले २,७९०, म्हणजे साडेसत्तावीस गुंठे. दहा टक्के मोकळी जागा याच भागात सोडावी लागली, तर आणखी आठ गुंठे कमी. मग एकोणीस-वीस प्लॉट. साठ प्लॉट विकले जात असतील, तर चाळीस कुटुंबं कागदावर जमीन आणि जागेवर नियमभंग विकत घेत आहेत.

आणि नियम एवढा कडक का? एका घराने तळं मरत नाही, हे खरंच आहे. पण तुकडे पाडले की एक बांध जाऊन तीस कुंपणं येतात, एका शेतघराच्या जागी तीस शोषखड्डे येतात. एका गुंठ्यावर दीड मीटर मुरूम टाकला, तर दीडशे घनमीटर भराव झाला. जिथे पूर्वी तेवढं पाणी उभं राहायचं तिथून दीड लाख लिटर हटलं. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. तीस प्लॉटांचे साडेचारशे टँकर. ते पाणी आकाशात जात नाही, शेजारच्या सोयाबीनमध्ये जातं. शोषखड्ड्यांचं पाणी मुरून तळ्यात उतरतं, जलपर्णी माजते, आणि ज्या दृश्यासाठी जादा पैसे मोजले तेच हिरव्या गालिच्याखाली जातं. विहिरींचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तिथे हजारो तळी आहेत. तिथला नियम त्याने समजावला तेव्हा मला आपल्या नियमातली उणीव नेमकी दिसली. तिथे तळ्यांचे वर्ग केले आहेत. तळं जितकं नाजूक, तितका काठचा प्लॉट मोठा लागतो. मलनिस्सारणाची वाहिनी नसेल, तर सर्वांत नाजूक वर्गातल्या तळ्याकाठी एका घराला किमान ८०,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७३ गुंठे, आणि घर पाण्यापासून १५० फूट मागे. जास्त वर्दळीच्या तळ्याकाठी २०,००० चौरस फूट आणि ७५ फूट. म्हणजे तुकड्याचा आकारच पाण्यावरून ठरतो. आपल्याकडे १५० फुटांसारखं अंतर आहे, आपले ५० मीटर त्याहून थोडे जास्तच भरतात. पण तुकडा किती लहान असावा हे तळ्याकडे बघून ठरवणारा नियम आपल्याकडे नाही. आपला प्रमाणभूत तुकडा जिरायत-बागायत बघतो. तो सैल झाला की काठाला थोपवणारं फक्त अंतर उरतं, आणि अंतर मोजायला कुणी जागेवर येत नाही. शासनाने तळ्याकाठच्या रेखांकनाला वेगळा किमान आकार ठरवावा असं मला मनापासून वाटतं.

भावाभावांची वाटणी

सगळे तुकडे विक्रीसाठीच पडतात असं नाही. आमच्या आजोळी तळ्याला लागून सहा एकर होतं. तीन मामांची वाटणी झाली तेव्हा प्रत्येकाला पाणी हवं होतं, म्हणून शेत उभे तीन पट्टे करून वाटलं. लांबच लांब आणि अरुंद. मग तीन मोटारी, काठ फोडून केलेले तीन उतार, आणि दोन पावसाळ्यांत काठाची माती तळ्यात. पूर्व विदर्भात गोंदिया-भंडाऱ्याकडे जुन्या मालगुजारी तलावांच्या गावांत गेलो तर जाणवतं, की पाळ आणि पाट सगळ्यांचे आहेत ही समज अजून टिकून आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले, तरी पाण्याच्या पाळीची भांडणं आणि मिटवणं गावातच होतं.

वाटणी करणाऱ्यांना मी एक उपाय सांगतो. काठचा पट्टा तिघांत सामाईक ठेवा, त्याला वेगळा पोटहिस्सा करा, आणि पाण्याकडे जाणारी एकच वाट व एकच मोटारघर वाटणीपत्रात लिहून ठेवा. मागचं शेत हवं तसं वाटा. पुढे कुणी आपला हिस्सा विकला, तरी विकत घेणाऱ्याला काठावर भिंत घालता येत नाही. थोरल्या मामांनी हे फार उशिरा केलं, पण केलं.

इसार देण्याआधी

पूर्ण सातबारा स्वतः काढा आणि पोटखराबा (ब) वाचा. तलाठी भाऊसाहेबांकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा बघा. जुन्या नकाशांत ओढे आणि तळी व्यवस्थित दाखवलेली असतात, मग जागेवर आज ओढा असो वा नसो. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. आठपेक्षा जास्त प्लॉट किंवा ५०० चौरस मीटरांहून मोठी जमीन असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी तपासा. सामाईक सातबाऱ्यावर दहा-बारा नावं चढवून गुंठे विकत असतील, तर तुमचा प्लॉट नेमका कुठला याला कुठलाही सरकारी नकाशा साक्ष देत नाही, हे समजून घ्या. शेतकरी नसाल तर कूळकायद्याचं कलम ६३ शेतजमीन घेऊ देत नाही, हेही त्यातच आलं. गूगल अर्थवर त्याच जागेची जुनी चित्रं बघा, सप्टेंबर-ऑक्टोबरची. पाण्याची कड तिथे दहा-पंधरा वर्षांची एकदम दिसते. आणि शेळ्या राखणाऱ्या माणसाला विचारा.

आधीच घेतलेला असेल तर घाबरून जाऊ नका, पण भराव घालू नका. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी, म्हणजे जमिनीच्या हद्दी ठरवणारी मोजणी, करून घ्या, पूररेषा किंवा पूरपातळी नकाशावर टाकून घ्या. रेषेच्या आत आलात तर पक्कं काही बांधू नका. तिथे झाडं लावता येतात, गवत, भाजी करता येते. बांधलेलं वाचवण्यापेक्षा न बांधलेलं सांभाळणं परवडतं, हे चिखलीनंतर तरी सांगावं लागू नये.

माझ्या भावाने इसार दिला नाही. त्याने माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जिल्हाधिकारी कार्यालयात. मजकूर आम्ही दोघांनी बसून लिहिला. कुणाला उपयोगी पडला तर तसाच उतरवून घ्या:

"मौजे अमुक, गट क्रमांक तमुक लगतचा जलाशय उपग्रहावर आधारित पाणथळ यादीत समाविष्ट आहे काय? असल्यास त्याचा क्रमांक व नकाशाची प्रत द्यावी. त्याची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी झाली असल्यास अहवालाची प्रत द्यावी. सदर गटात रेखांकनास मंजुरी दिली असल्यास मंजूर नकाशाची व पाटबंधारे विभागाच्या अभिप्रायाची प्रत द्यावी. मंजुरी दिली नसल्यास तसे लेखी कळवावे."

उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे. त्याला सव्विसाव्या दिवशी आलं. पहिल्या तीन मुद्द्यांसाठी अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला होता. चौथ्यापुढे एक ओळ होती: रेखांकनास मंजुरी दिल्याचे अभिलेखात आढळून येत नाही.